व्हीव्हीटी सोलेनॉइड: बदलण्याआधी नेमकं काय तपासायचं

चेक इंजिन लाइट लागला आणि स्कॅनरवर पी००११ आला की बहुतेक वेळा व्हीव्हीटी सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलण्यासाठी ऑइल वळवणारी, विजेवर चालणारी झडप) बदलून मोकळं होतात. पंधरा दिवसांनी तोच कोड परत येतो. कारण पी००११ चा अर्थ 'सोलेनॉइड खराब' असा नाहीच. इनटेक कॅमशाफ्ट (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असायला हवा त्यापेक्षा पुढे गेलाय, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडताहेत, इतकंच तो सांगतो. तो पुढे का गेला, हे आपल्याला शोधायचं असतं.

म्हणून आधी कोड नीट वाचा. पी००१० (इनटेक) आणि पी००१३ (एक्झॉस्ट) हे सर्किटचे कोड आहेत, म्हणजे दोष वायर, कनेक्टर, कॉइल किंवा क्वचित ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात). पी००११, पी००१२, पी००१४, पी००१५ हे कोड कॅमच्या कोनाचे. इथे संशय ऑइल, अडकलेला स्पूल (सोलेनॉइडमधला सरकणारा दांडा) किंवा फेझरवर (कॅमचा कोन बदलणाऱ्या भागावर) जास्त. व्ही इंजिनाच्या दुसऱ्या बँकेसाठी (सिलिंडरांच्या दुसऱ्या ओळीसाठी) हीच मालिका पी००२० पासून सुरू होते. सोबत पी००१६ असेल तर सोलेनॉइड बाजूला ठेवून टायमिंग चेन ताणली आहे का किंवा दात सरकला आहे का, ते पाहा.

लक्षणांवरूनही दिशा मिळते. इनटेक कॅम पुढच्या स्थितीत अडकला तर आयडलला व्हॉल्व्ह ओव्हरलॅप (इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) वाढतो, जळालेला वायू सिलिंडरमध्ये राहतो आणि गाडी थरथरते, सिग्नलला थांबताना बंद पडते. मागच्या स्थितीत अडकला तर आयडल ठीक असतं, पण पिकअप जातो.

हत्यारं हातात घेण्याआधी डिपस्टिक काढा. फेझर हलतो तो ऑइलच्या दाबावर, सोलेनॉइड फक्त ऑइलची वाट बदलतो. पातळी कमी असेल, ऑइल काळं-घट्ट झालं असेल किंवा ०डब्ल्यू-२० च्या जागी २०डब्ल्यू-५० भरलं असेल, तर नवा सोलेनॉइडही तेच रडगाणं गाईल. अशा वेळी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर बदला, कोड पुसा, गाडी चालवून बघा. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण सर्वांत जास्त पैसे हीच वाचवते.

आता इलेक्ट्रिकल तपासणी. इग्निशन बंद करून कनेक्टर काढा. आत ऑइल झिरपलंय का, पिना हिरवट झाल्यात का, ते पाहा. सोलेनॉइडच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत थंड असताना आकडा ५ ते १४ ओहमच्या दरम्यान येतो. टोयोटाच्या अनेक इंजिनांना २० अंश सेल्सिअसला ६.९ ते ७.९ लागतो. अंतिम शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. प्रत्येक पिन आणि सोलेनॉइडची बॉडी यांच्यात मात्र काहीही जोड दिसता कामा नये. कॉइल गरम झाल्यावरच तुटणारेही असतात, म्हणून इंजिन तापलेलं असताना पुन्हा मोजा.

हार्नेसच्या (गाडीकडून येणाऱ्या तारांच्या) बाजूला व्होल्टेज मोजण्याआधी वायरिंग डायग्राम पाहा. काही गाड्यांत एका तारेला इग्निशन चालू केल्यावर बॅटरीचा व्होल्टेज येतो आणि ईसीयू दुसऱ्या तारेवर अर्थ तोडत-जोडत राहतो. काहींत दोन्ही तारा थेट ईसीयूतून येतात, तिथे १२ व्होल्ट शोधत बसू नका.

सर्वांत बोलकी चाचणी चालू इंजिनावरची. इंजिन पूर्ण तापवा, आयडलला ठेवा, स्कॅनरच्या अॅक्टिव्ह टेस्टमधून इनटेक सोलेनॉइड चालू करा. आयडल बिघडलं किंवा इंजिन बंद पडलं तर सोलेनॉइड, ऑइलची वाट आणि फेझर तिन्ही काम करताहेत. अशा वेळी उरलेला संशय वायरिंगच्या सैल जोडावर ठेवा. काहीच फरक पडला नाही तर सोलेनॉइड काढा. (इलेक्ट्रिक मोटरने फिरणाऱ्या फेझरला ही पद्धत लागू नाही.)

काढलेल्या सोलेनॉइडची जाळी बघा. गाळाचे कण असतील तर कार्ब क्लीनरने धुवा. जाळी फाटली असेल तर तुकडा आत गेलाय का, ते शोधा. मग फ्यूज लावलेल्या तारांनी १२ व्होल्ट एक-दोन सेकंदच द्या, जास्त वेळ दिल्यास कॉइल जळते. फक्त टक् आवाजावर समाधान मानू नका. स्पूल पूर्ण सरकून वीज काढताच झटकन परतला पाहिजे. अर्ध्यात अडकणारा स्पूल धुऊनही अडकत असेल तर नवा घ्या. काही इंजिनांत स्पूल फेझरच्या मधल्या बोल्टमध्ये असतो आणि बाहेरचा भाग फक्त चुंबक असतो. तिथे बाहेरचा भाग बदलून अडकलेला स्पूल सुटत नाही.

इनटेक-एक्झॉस्टचे सोलेनॉइड एकाच पार्ट नंबरचे असतील तर अदलाबदल करा. पी००११ जाऊन पी००१४ आला तर दोष सोलेनॉइडसोबत सरकला. कोड जागचा हलला नाही तर ऑइलचा दाब गेजने मोजा, मग फेझरकडे वळा. थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखड येत असेल तर फेझरची लॉक पिन झिजलेली असण्याची शक्यता मोठी.

बसवताना ओ-रिंग नवीच, तिला इंजिन ऑइल लावून. बोल्ट बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपासच घट्ट करायचा असतो. अॅल्युमिनियममधले आटे सहज जातात. कोड पुसून गाडी रस्त्यावर काढा आणि लाइव्ह डेटात अपेक्षित व प्रत्यक्ष कॅम कोन शेजारी ठेवा. एक्सलरेटर दाबल्यावर दोन्ही आकडे सोबत चढले-उतरले पाहिजेत. प्रत्यक्ष कोन मागेच रेंगाळत असेल तर काम अजून संपलेलं नाही.