मटण मसाल्यात नाही, विस्तवात बिघडतं: बार्बेक्यू करताना या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत सोलापुरात शेतावर, गच्चीवर, बंगल्याच्या मागच्या अंगणात बार्बेक्यूचे बेत वाढलेत. दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम मधोमध कापून, बिजागऱ्या लावून, वर चिमणी बसवून देणारे वेल्डरही आता सहज सापडतात. आपल्याकडे मटण उत्तम मिळतं आणि काळं तिखट तर घराघरात असतं. तरीही ताटात येतं ते बाहेरून करपलेलं, आतून कच्चं आणि घशाशी कडू लागणारं. मग मसाल्याला नावं ठेवतात, खाटकाला नावं ठेवतात. विस्तवाकडे कोणी बघत नाही.

मला याचं वाईट वाटतं, कारण विस्तव कसा सांभाळायचा हे आपल्या भागाला शिकवायची गरज नाही. हुरड्याची आगटी आठवा. गोवऱ्यांचा जाळ बसतो, धूर संपतो, नुसता आर उरतो, आणि तेव्हाच कणसं आत खुपसतात. जाळात कणीस धरलं तर दाणा वरून काळा आणि आतून कच्चा राहतो, हे शेतावरचं लहान पोरही सांगेल. जानेवारीत एवढा धीर धरणारा माणूस मे महिन्यात भडकलेल्या जाळावर कोंबडी का ठेवतो, हे मला अजून कळलेलं नाही.

पेट्रोल, रॉकेल आणि सॅनिटायझर

सगळ्यात आधी हे, कारण इथे नुसती चव जात नाही. ओळखीच्या एका घरी गच्चीवर कोळसा पेटत नव्हता. खरं तर तो पेटला होता, फक्त जाळ दिसत नव्हता. एका तरुण मुलाने गाडीतून बाटलीभर पेट्रोल काढून आणलं आणि वरून धार सोडली. आग धारेवरून थेट बाटलीपर्यंत चढली. बाटली हातातून सुटली म्हणून तो वाचला. तरी मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं आणि भुवया गेल्या. त्या रात्री कोणी जेवलं नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली पसरते आणि लांबच्या निखाऱ्यापर्यंत जाऊन पेट घेते. रॉकेल त्यापेक्षा सौम्य असं लोक समजतात. पण साधारण 38 अंश सेल्सिअसच्या पुढे रॉकेलचीही पेट घेण्याइतकी वाफ तयार होऊ लागते, आणि सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात ठेवलेलं रॉकेल आधीच त्या पायरीवर पोचलेलं असतं. सॅनिटायझर तर आणखी फसवा. त्यातल्या अल्कोहोलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. विझलं समजून माणूस पुन्हा ओततो.

माझी पद्धत अशी. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याची दोन्ही तोंडं कापून घ्यायची. खालून वीतभर उंचीवर आडव्या सळया घालायच्या आणि त्याखाली चारही बाजूंनी भोकं पाडायची. डबा आधी एकदा रिकामाच तापवून रंग आणि तेल जाळून टाकायचं. मग वर कोळसा भरायचा, खाली तुराट्यांचे तुकडे आणि रसवंतीवरून आणलेली वाळकी उसाची चिपाडं कोंबायची आणि काडी लावायची. हवा खालून वर ओढली जाते, कोळसा आपोआप पेटतो. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कांदा चिरून होतो.

डबा रिकामा करायची घाईही नको. अगदी वरच्या कोळशावरही राखेचा पांढरट थर धरला पाहिजे आणि फुंकर मारल्यावर आतून लाल दिसला पाहिजे. निखारे पसरून जाळी ठेवल्यावर जाळीच्या वर वीतभर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर आच कडक आहे. ती पातळ तुकड्यांना आणि कबाबाला चालते. पाच-सहा सेकंद हात टिकला तर कोंबडीच्या तंगड्या ठेवा. निखारे सगळ्या जाळीखाली पसरू नका, एका बाजूला लोटा. दुसरी बाजू मोकळी असली की चरबी पेटल्यावर तुकडे सरकवायला जागा मिळते.

धूर जास्त म्हणजे चव जास्त हा समज

पुण्याहून सुट्टीवर आलेला एका स्नेह्यांचा मुलगा. बार्शी रस्त्याला त्यांची जमीन आहे. त्याने हौसेने ड्रम करून घेतला होता, व्हिडिओ बघून सगळं टिपून ठेवलं होतं आणि वीसेक पाहुण्यांना बोलावलं होतं. लाकूड त्याच आठवड्यात बांधावर तोडलेल्या बाभळीचं. ओंडका हातात घेतला तरी ओल जाणवत होती. पेटल्यावर चिमणीतून दाट पांढरा धूर सुरू झाला, आणि हे बघून तो खूश झाला. धूर वाया जाऊ नये म्हणून त्याने चिमणीची झडप बंद केली.

मी पोचलो तेव्हा चार तास होऊन गेले होते. झाकण उघडलं तर कोंबड्या काळ्याभोर आणि वॉर्निश लावल्यागत चकचकीत. झाकणाच्या आतून तपकिरी चिकट थेंब ओघळत होते आणि थेट मांसावर पडत होते. त्याच्या मोठ्या आत्याने एक घास घेतला आणि ताट बाजूला ठेवलं. मी चाखलं तेव्हा जीभ बधिर झाली. डांबराची कडू चव पाणी पिऊनही जात नव्हती. ती पोरं सकाळपासून राबली होती, म्हणून फार वाईट वाटलं. उरलेलं कच्चं मटण विटांवर जाळी मांडून कोरड्या कोळशावर भाजलं आणि कडक भाकरी, शेंगाचटणीबरोबर वाढलं. पाहुणे उपाशी गेले नाहीत एवढंच.

झालं काय ते समजून घ्या. ओल्या लाकडातली उष्णता आधी पाणी उकळण्यात जाते, म्हणून ते धुमसतं आणि अर्धवट जळतं. न जळलेली वाफ पांढऱ्या धुरातून वर येते. तिला बाहेर जाऊ दिलं नाही तर ती थंड पत्र्यावर आणि थंड मांसावर डांबर होऊन बसते. चांगला धूर पातळ आणि निळसर असतो. उन्हात तर नीट बघितल्याशिवाय दिसतही नाही. तसा धूर येईपर्यंत मांस आत ठेवायचं नाही, मग पाऊण तास लागो की तास.

चिमणी कायम पूर्ण उघडी ठेवायची. आच कमी-जास्त करायची ती खालच्या हवेच्या झडपेने. ही एक गोष्ट पाळली तरी आपल्या भागातले निम्मे ड्रम सुधारतील.

लाकूड फोडून, पावसात न भिजवता किमान एक उन्हाळा वाळवा. सोलापूरच्या उन्हात फोडलेलं लाकूड एका उन्हाळ्यात खडखडीत होतं, हे आपलं नशीब. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणकन वाजले तर घ्या, बद् आवाज आला तर परत ऊन द्या. आणि वाळलेलं लाकूड पुन्हा पाण्यात भिजत घालायचा जो सल्ला फिरतो, तो सोडून द्या. पाणी लाकडात फारसं मुरत नाही. वरच्यावर राहतं आणि नुसती वाफ करतं.

कोणतं लाकूड, कोणता कोळसा

परदेशी ‘मेस्किट’ झाडाच्या लाकडाच्या चिप्स मागवायला पैसे घालवू नका. आपल्या गायरानात आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ ही त्याच मेस्किटच्या कुळातली, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. तिचा कोळसा कडक आच देतो आणि टिकतो. पण तिच्या लाकडाचा धूर उग्र. पटकन भाजायला ठीक, तासन्‌तास धुरी द्यायला नाही. लांबच्या कामाला मी कोळशावर पेरूचे किंवा वाळलेल्या आंब्याचे एक-दोन तुकडे ठेवतो. डाळिंबाची छाटणी आपल्या जिल्ह्यात ढिगाने मिळते आणि तिचा धूर गोडसर असतो. मात्र बागेत किती फवारण्या होतात ते सगळ्यांना माहीत आहे. जाड फांदी, साल काढून, आणि ज्यांच्या बागेचं तुम्हाला ठाऊक आहे त्यांच्याकडूनच घ्या.

कडुनिंब नको, कडू धूर देतो. निलगिरी नको. कण्हेर तर चुकूनही नको, धुरीलाही नाही आणि सळई म्हणूनही नाही. सबंध झाड विषारी आहे. रंगवलेल्या खिडक्या, प्लायवूड, पॅकिंगच्या फळ्या यांना हात लावू नका. जुन्या मागाचं मोडीतलं लाकूड शहरात स्वस्त मिळतं आणि वाळलेलंही असतं, पण वर्षानुवर्षं मशीनचं तेल प्यालेलं असतं.

वखारीत कोळसा मागताना ‘लाकडी’ असं स्पष्ट सांगा. दगडी कोळशात गंधक असतं, त्यावर अन्न भाजायचं नाही. चांगला लाकडी कोळसा हलका असतो, मोडला की आत चकचकीत काळा दिसतो. आत तपकिरी निघाला तर तो कच्चा, धूर करणार.

झाकण उघडून बघत राहणं

दर दहा मिनिटांनी झाकण उघडलं की साठलेली उष्णता जाते आणि निखाऱ्याला एकदम हवा मिळून आच नंतर भडकते. वेल्डरने झाकणाच्या टोकाला बसवलेला तापमापक जाळीवरचं तापमान दाखवत नाही. जाळीच्या उंचीला भोक पाडून दुसरा बसवा. सावकाश शिजवायला 110 ते 120 अंश पुरे.

बोकडाच्या मांडीला अमेरिकन व्हिडिओतले बारा तास लावू नका. तिच्यात तेवढी चरबी नसते, चामडं होईल. आतलं तापमान 65-70 अंशांवर आलं की तासभर पुढे सरकत नाही, आणि नवखा माणूस इथेच घाबरून कोळसा ओततो. पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस गार करत असतं, म्हणून ते अडतं. आपल्या कोरड्या हवेत हे जास्तच जाणवतं आणि वरचा थर वाळतो. मी आत पाण्याचं पसरट भांडं ठेवतो आणि रंग धरला की मांडी केळीच्या पानात, वरून फॉइलमध्ये गुंडाळतो. 90 अंशांच्या आसपास हाड हलवून बघा. सैल झालं असेल तर उतरवा. कोंबडीला आत 74 अंश पोचले पाहिजेत, हाडाजवळ मोजून.

थोडक्यात उरलेल्या चुका

काळं तिखट कोरडं चोळून थेट आचेवर ठेवणं: जळतं. तेलात कालवून लावा, आच मंद ठेवा.

गूळ, मध घातलेला मसाला सुरुवातीला लावणं: शेवटच्या दहा मिनिटांत लावा.

मुरवलेलं मटण उन्हाळ्यात बाहेर ठेवणं: 32 अंशांच्या वर तासाभराच्या आत फ्रीजमध्ये किंवा विस्तवावर गेलंच पाहिजे.

केमिकलचा ड्रम: कितीही धुतला तरी नको. खाद्यतेलाचा घ्या आणि आतला रंग जाळून काढा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि जुन्या फ्रीजची जाळीही नको.

पेटलेल्या चरबीवर पाणी मारणं: भडका उडतो आणि राख मांसावर बसते. झाकण लावा, झडपा तेवढ्यापुरत्या बंद करा. शेजारी बादलीभर वाळू ठेवा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात तेच सोयीचं.

कडब्याच्या गंजीजवळ किंवा माळवदावर शेगडी मांडणं: कृपा करून नको. स्लॅबवर मांडायची तर खाली विटांचे दोन थर द्या.

वळवाचा पाऊस आला म्हणून पेटती शेगडी खोलीत किंवा शेडमध्ये ओढणं: कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत माणसं झोपेतच जातात. मांस भिजलं तर भिजू द्या.

शेवटी उरलेले निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून फरशीवर ठेवा. राखेखाली ते दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात, म्हणून प्लास्टिकची बादली किंवा घंटागाडी लगेच नको. पूर्ण विझल्यावर मोठे तुकडे चाळून बाजूला काढा, पुढच्या वेळी तेच सगळ्यात लवकर पेटतात.