स्टॉकमधून डायल्यूशन: या चुका टाळा, आणि आधी बघा आकडा किती पटीने चुकलाय

महापे-रबाळेच्या एमआयडीसीतली क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅब असो, वागळे इस्टेटमधली पॅथॉलॉजी असो की कॉलेजचं प्रॅक्टिकल, सी१व्ही१ = सी२व्ही२ (स्टॉक म्हणजे मूळ तीव्र द्रावणाची तीव्रता × त्याचं आकारमान = पातळ द्रावणाची तीव्रता × त्याचं आकारमान) सगळ्यांना पाठ असतं. तरी टायट्रेशनला (माहीत तीव्रतेच्या द्रावणाने तपासताना) नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, जुळत नाही. अशा वेळी सगळं ओतून देण्याआधी मिळालेल्या आकड्याला अपेक्षित आकड्याने भागा. बऱ्याच चुकांचं गुणोत्तर ठरलेलं असतं.

०.९१ आलं तर १:१० चा घोळ आहे. १० मिली स्टॉक घेऊन एकूण १०० मिली करायचं होतं, पण त्यात १०० मिली पाणी ओतलं गेलं आणि दहा पटींऐवजी अकरा पट डायल्यूशन झालं. नोंदवहीत '१:१०' लिहूच नका. '१० मिली → १०० मिली' लिहा. पाळी बदलली तरी पुढच्याला अर्थ लावत बसावं लागत नाही.

१.१८ किंवा १.८४ दिसलं तर ॲसिडची बाटली बघा. हायड्रोक्लोरिकच्या लेबलवरचे ३७ टक्के वजनाने असतात, म्हणजे १०० ग्रॅम ॲसिडमध्ये ३७ ग्रॅम. ते १०० मिलीमध्ये धरलं की घनता गणितातून गळते आणि द्रावण नेमकं घनतेच्या पटीने तीव्र होतं. बरोबर हिशेब असा: १००० × १.१८ × ०.३७ ÷ ३६.४६ (एका मोलचं वजन) = ११.९७ मोलर, म्हणजे लिटरला इतके मोल. म्हणजे एक लिटर १ मोलरसाठी ८३.५ मिली. घनता विसरली तर ९८.५ मिली घेतलं जातं. ९८ टक्के सल्फ्युरिकची घनता १.८४, ते साधारण १८.४ मोलर असतं. आपल्या बाजारात ३५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिकही सर्रास मिळतं, त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावर न जाता हातातल्या बाटलीचा ॲसे (लेबलवरची नेमकी टक्केवारी) बघा. आणि ॲसिड पाण्यातच ओतायचं, थोडं थोडं. गार झाल्यावरच मार्कपर्यंत (फ्लास्कच्या गळ्यावरच्या रेघेपर्यंत) भरायचं. गरम असताना भरलं की थंड झाल्यावर पातळी खाली जाते, म्हणजे द्रावण हवं त्यापेक्षा तीव्र झालेलं असतं.

बरोबर दुप्पट किंवा निम्मं आलं तर मोलर (लिटरला मोल) आणि नॉर्मल (लिटरला सममूल्य भार) यांची अदलाबदल झालेली असते. १ मोलर सल्फ्युरिक म्हणजे २ नॉर्मल. सीओडीच्या (सांडपाण्याच्या रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या चाचणीतल्या) डायक्रोमेटला हीच चूक सहा पट होते. ०.२५ नॉर्मलला लिटरमागे १२.२६ ग्रॅम लागतं. तराजूवर ७३ ग्रॅमच्या पुढे जात असाल तर तिथेच थांबा.

०.६४ आलं तर तांब्याचा स्टॉक तपासा. १००० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) तांब्यासाठी निळं, पाच पाण्याचं कॉपर सल्फेट लिटरला ३.९२९ ग्रॅम लागतं. निर्जल धरून काढलेलं २.५१२ ग्रॅम वजन निळ्या मिठाचं केलं की ६३९ पीपीएमच मिळतं. निर्जल मीठ पांढरं असतं, रंग बघूनच संशय यायला हवा. क्लोराइडचंही तसंच: १००० पीपीएमला साधं मीठ (सोडियम क्लोराइड) १.६४८ ग्रॅम. एक ग्रॅम टाकलं तर ६०७ पीपीएमच होतं.

पॅथॉलॉजीत फॉर्मलिनने (ऊतक टिकवायच्या द्रावणाने) भलेभले फसतात. '१० टक्के फॉर्मलिन' म्हणजे बाजारातल्या ३७-४० टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. त्यात फॉर्मल्डिहाइड चारच टक्के असतं. इथे सी१ला ३७ आणि सी२ला १० धरलं की लिटरला २७० मिली ओतलं जातं, म्हणजे गरजेच्या अडीच पटींहून जास्त.

दोन-तीन दशांश टक्क्यांचा फरक असेल तर मात्र गणितात चूक शोधू नका, फ्लास्कचा गळा वाचा. भारतीय मानकाच्या फ्लास्कवर २७ अंश छापलेलं असतं, परदेशी फ्लास्कवर बहुधा २०. या सात अंशांत पाणी ०.१७ टक्के प्रसरण पावतं, आणि १०० मिलीच्या क्लास ए (जास्त अचूक दर्जाच्या) फ्लास्कला सूट असते जेमतेम ०.१ मिली. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ३३-३४ अंशांवर भरलेला २० अंशांचा फ्लास्क अर्थातच दगा देणार.

खूप पातळ करायचं असेल तर एका उडीत जाऊ नका. १००० पीपीएमवरून १० पीपीबीवर (लिटरला मायक्रोग्रॅम) यायला १ मिली → १०० मिली दोनदा आणि मग १० मिली → १०० मिली. धातूंच्या बाबतीत प्रत्येक टप्प्याला एक-दोन टक्के नायट्रिक ठेवा, नाहीतर धातू काचेला चिकटतो आणि सगळ्यात खालचं स्टँडर्ड (तुलनेचं द्रावण) रोज थोडं घसरतं.

आणि एकाच फ्लास्कमधून घेतलेली दोन रीडिंग जुळत नसतील, तर मार्कपर्यंत भरल्यावर फ्लास्क नुसता हलवला गेलाय. गळ्यातलं पाणी तसं खाली मिसळत नाही; बूच दाबून दहा-पंधरा वेळा पूर्ण उलटा करावा लागतो.