शिलाहारकाळातली गधैया नाणी: या चुका टाळा

ठाण्यात जुनी नाणी जमवायला लागलं की गधैया आज ना उद्या हाती येतंच. लहान, जाड, एका बाजूला ठिपके आणि रेघा, दुसऱ्या बाजूला शिडीसारखं काहीतरी. मुळात ही इराणच्या सासानी घराण्यातल्या राजा पेरोझच्या (इ.स. ४५९–४८४) चांदीच्या नाण्याची नक्कल. नकलेची नक्कल होत राजाचा चेहरा आणि अग्निवेदी पार पुसट झाली. तेव्हा चित्र कळत नाही म्हणून नाणं खोटं ठरवू नका.

सगळ्यात जास्त नाणी मरतात ती घासून. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका. गधैयात चांदीबरोबर तांबं असतं, उशिराच्या नाण्यांत तर बरंच. शेकडो वर्षं मातीत पडून वरवरचं तांबं निघून जातं आणि चांदीची पातळ साय उरते. घासलं की तीच जाते, खालून तांबूस रंग डोकावतो आणि मालकाला वाटतं, मुलामा दिलेला माल गळ्यात मारला! सराफाकडे कानस लावून घेतली तरी हाच घोटाळा, वर नाण्याला कायमचा ओरखडा. माती असेलच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा आणि मऊ सुती कापडाने नुसतं टिपा.

खोटं नाणं ओळखायला चुंबकावर विसंबू नका. तांबं, पितळ, शिसंही त्याला चिकटत नाही. भिंगातून कड बघा. ओतीव नकलेला साच्याची शिवण आणि बारीक भोकं दिसतात, ठोकलेल्या नाण्याची कड बऱ्याचदा चिरलेली असते. वजन साधारण ४ ग्रॅम. दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच खड्डा दिसला तर दोन्ही परत करा.

उत्तर कोकणात राज्य करणाऱ्या शिलाहारांचं स्थानक म्हणजे आपलं ठाणे, म्हणून इथे मिळालेलं प्रत्येक गधैया इथल्याच टांकसाळीचं, असं म्हणायची घाई होते. बहुतेकांवर राजाचं नाव नाही, टांकसाळ नाही, साल नाही. गुजरात-राजस्थानातही हीच घडण चालायची. छित्तराजा या शिलाहार राजाच्या नावाची नाणी आहेत, पण ती नागरी अक्षरं वाचता आली तरच तसं लिहा.

खाडीकाठच्या दमट हवेत रबरबँड आणि पीव्हीसीची पाकिटं नकोतच. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

खोदकामात ठेवा सापडला तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर विकायला बंदी आहे. परदेशातलं गिऱ्हाईक कितीही भाव देवो, पाठवू नका.