हैतीतल्या पूर्वजांचा माग कसा काढावा

१७९१ च्या उठावाच्या वेळी सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, जवळपास पाच लाख गुलाम होते. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश आफ्रिकेत जन्मलेले. बहुतेकांना कागदावर आडनावच नव्हतं. म्हणून माणसाच्या नावामागे लागू नका, आधी मळा आणि त्याचा मालक गाठा.

ते सापडतात भरपाईच्या याद्यांत. १८२५ मध्ये फ्रान्सने हैतीवर १५ कोटी फ्रँकचा बोजा लादला, तोही जुन्या मळेवाल्यांना भरपाई देण्यासाठी! कोणाला किती मिळाले, हे १८२८ ते १८३४ दरम्यान छापलं गेलं. घरातली वडीलधारी सांगतात ते वाडीचं नाव या याद्यांशी ताडून पाहा. कित्येक वाड्यांना अजून मळ्याचंच नाव आहे. मात्र मालकाचं नाव जुळलं म्हणून रक्ताचं नातं धरू नका. हैतीच्या क्रांतीचा नेता तूसँ लुव्हेर्त्यूर याला आधी तूसँ ब्रेदा म्हणत, ते ब्रेदा मळ्यावरून.

मग फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या अभिलेखागारातले नोटरींचे दस्त पाहा. वसाहतीतल्या दस्तांची प्रत फ्रान्सला पाठवण्याची सक्ती जून १७७६ मध्ये झाली, त्यामुळे त्याआधीचे कागद तुटक मिळतात. मालक वारला की मळ्याची मोजदाद होई. खेचरं, कढया आणि माणसं एकाच दस्तात: नाव, वय, काम, 'नासिओं' (म्हणजे मूळ कुठलं ते), किंमत. रक्कम वसाहती लिव्हरमध्ये (लिव्हर हे त्या काळचं फ्रेंच चलन) असेल तर दीडने भागा, म्हणजे फ्रान्समधला लिव्हर निघेल. जमीन 'कारो'त असते; १ कारो म्हणजे सुमारे १.२९ हेक्टर.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'नासिओं' वाचताना. हे शिक्के व्यापाऱ्यांनी मारलेले. 'आरादा' हे नाव आजच्या बेनिनमधल्या अलाडावरून आलं, 'नागो' म्हणजे योरुबा. 'काँगो' मात्र फार सैल: खूप आतल्या मुलखातून आणून काँगोच्या किनाऱ्यावर जहाजात चढवलेला माणूसही काँगोच. यावरून किनारा कळतो, गाव नाही. 'क्रेओल' म्हणजे वसाहतीत जन्मलेला. रंगाशी त्याचा संबंध नाही.

'आफिश आमेरिकेन' या वृत्तपत्रातल्या पळालेल्या गुलामांच्या जाहिराती नजरेखालून घालाच. छातीवर तापल्या ठशाने डागलेली अक्षरंही त्यांत छापत. ती बहुधा मालकाच्या नावाची असतात. दोन वेगळे डाग दिसले तर माणूस विकला गेला असण्याची शक्यता मोठी; आधीच्या मालकाचेही दस्त काढा.

१७९३ ते १८०५ मधल्या फ्रेंच कागदांवर फ्रेंच राज्यक्रांतीची दिनदर्शिका असते. 'वर्ष १०' म्हणजे सप्टेंबर १८०१ ते सप्टेंबर १८०२, त्यामुळे नुसतं १८०१ किंवा १८०२ लिहून मोकळे होऊ नका, महिनाही बदलून घ्या.