गहू सोडला, तरी गिरणीत काय होतं? ग्लूटेनमुक्त स्वयंपाकातल्या या चुका टाळा

सोलापूरच्या घरात गहू बंद करायची वेळ आली तर अर्धं ताट आधीच तयार असतं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, तुरीची आमटी, भात यांत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नाहीच. तरी दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, 'तीन महिने गहू सोडलाय, पण पोटाचा त्रास तसाच आहे.' दुसरी, 'ज्वारीचा केक केला, तो चमच्यानं खावा लागला.' पहिल्या घरात गहू कुठून तरी आत येतोय. दुसऱ्या घरातून तो खरंच गेलाय, पण त्याचं काम कुणावर सोपवलेलंच नाही.

त्याआधी एक गोष्ट. सीलिॲकचा, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचा, संशय असेल तर तपासणीच्या आधी गहू सोडू नका. रक्ताची टीटीजी चाचणी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही ग्लूटेन खात असतानाच खरं सांगतात. आधीच पथ्य धरलं तर आजार असूनही चाचणी 'नाही' म्हणू शकते.

दळण

सगळ्यात मोठी गळती गिरणीत होते. आपल्या आधी कुणाचा तरी दहा किलो गहू दळला जातो, जात्याच्या दगडांत आणि पिठाच्या नळीत त्याचं पीठ राहतं आणि ते आपल्या ज्वारीबरोबर डब्यात उतरतं. 'असेल चिमूटभर' म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार 'ग्लूटेनमुक्त' म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण 8 ते 10 टक्के ग्लूटेन असतं. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात जेमतेम पाव ग्रॅम कणीक मिसळली की ती मर्यादा संपली. पाव ग्रॅम म्हणजे खरोखरच चिमूट, तीही भरलेली नाही.

सीलिॲक असेल तर घरगुती चक्की हाच खात्रीचा उपाय, आणि तिच्यात गहू एकदाही घालायचा नाही. 'आधी गहू दळतो, मग साफ करतो' असं करून भागत नाही. जाळी, कोपरे आणि पिशवीच्या शिवणीत पीठ बसतं, ते झाडून निघत नाही. चक्की घेणं जमत नसेल तर फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधा. तीही नसेल तर सकाळी गिरणी झाडल्यावर पहिला नंबर लावा आणि आपलीच दोन किलो ज्वारी आधी दळून ते पीठ बाजूला काढा. ते जनावरांना जाऊ द्या, आपल्या डब्यात नको. यानं गहू कमी होतो, शून्य होत नाही. ज्यांना डॉक्टरांनी काटेकोर पथ्य सांगितलंय त्यांनी यावर विसंबू नये.

दळायच्या आधी ज्वारी ताटात पसरून हातानं निवडा. मार्केट यार्डातून आलेल्या पोत्यात गव्हाचे चार दाणे असणं नवलाचं नाही, कारण पोती फिरत असतात. सुट्टं बेसन आणि सुट्टी तांदळाची पिठीही त्याच गिरण्यांतून येते, हे बरेच जण विसरतात.

जे गहू वाटत नाही, पण असतं

रवा, मैदा, शेवया, दलिया सगळ्यांना माहीत असतात. घोळ होतो तो पुढच्या नावांत.

खपली. 'जुनं धान्य आहे, पचतं, त्यात ग्लूटेन नसतं' हे वाक्य आपल्या भागात फार चालतं. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. सीलिॲक असलेल्याला तो इतर गव्हाइतकाच वर्ज्य. सातू म्हणजे जव, त्यातही ग्लूटेन. सातूच्या पिठात बहुधा गहूही भाजून घातलेला असतो.

बांधणी हिंग. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून तो डिंक आणि पिठाबरोबर मिसळून विकतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. रोजच्या फोडणीतून रोज थोडा गहू पोटात जातो आणि घरातल्या कुणालाच त्याचा संशय येत नाही. डबी उलटी करून घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो.

मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी या दोन्हींत गहू पडतो. धपाट्याच्या पिठात 'जरा चिकट व्हावं म्हणून' मूठभर कणीक घालायची सवय अनेक घरांत आहे. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. तळणाच्या ताटात ती साबुदाण्याच्या चिकवड्यांशेजारी बसते आणि एकाच कढईत तळली जाते. तापलेल्या तेलात ग्लूटेन जळून जात नाही. ज्या तेलात पुऱ्या, करंज्या किंवा कुरडया तळल्या त्यात पापड तळला की पथ्य मोडलं.

लाकडी पोळपाट-लाटणं, काठवट आणि पिठाची चाळणी वेगळी ठेवा. लाकडाच्या चिरांत आणि चाळणीच्या जाळीत कणीक राहतेच. स्टीलची परात आणि लोखंडी तवा घासून स्वच्छ निघतात, ते चालतील. मात्र चपात्या झाल्यावर त्याच तव्यावर भाकरी टाकू नका, आधी भाकरी करा.

उपवासाचा दिवस या पथ्याला सगळ्यात सोपा: भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. फक्त राजगिऱ्याचं पीठ कुठे दळलं, तेवढं विचारा.

भाकरी तुटते, केक भुगा होतो: कारण एकच

कणकेत पाणी घालून मळलं की ग्लूटेनचं जाळं तयार होतं. ते पीठ बांधून ठेवतं, ताणू देतं आणि फुगवणारी हवा धरून ठेवतं. ज्वारीत हे जाळं नाही. तिच्यात आहे स्टार्च, आणि तो थंड पाण्यात काहीच करत नाही. गरम पाणी मिळालं की तो फुगतो, चिकट होतो. आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आधणाच्या पाण्यात पीठ मळतात ते यासाठीच. ग्लूटेनमुक्त बेकिंग अवघड वाटणाऱ्या माणसानं आधी भाकरी नीट पाहावी. सगळी युक्ती तिच्यात आहे.

एका भाकरीला सपाट एक वाटी पीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी लागतं. पाणी खळखळ उकळतं हवं, नुसतं कोमट चालत नाही. अर्ध्या पिठावर ते ओता, उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, पाच मिनिटं झाका. मग उरलेलं पीठ घालून तळहाताच्या टाचेनं तीन-चार मिनिटं रगडा. गोळा हाताला गुळगुळीत लागला पाहिजे. चार भाकरींचं एकदम मळून ठेवलं तर शेवटचे दोन गोळे सुकतात आणि कडेनं चिरतात, म्हणून एकेकीचंच मळा.

तरीही कड फाटत असेल तर पिठाची विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, गेली असेल. दळून आठ-दहा दिवस झाले की विरी उतरते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याआधीच उतरते, म्हणून उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच दळा. बाजरीचं पीठ तर या दिवसांत कडूही पडतं. विरी गेलेलं पीठ टाकून देऊ नका. वाटीमागे एक चमचा इसबगोलाची भुसी पाण्यात भिजवून घातली की ते पुन्हा जमून येतं.

धान्याचाही फरक पडतो. मोहोळला निवडलेली मालदांडी 35-1 ही जात आणि रब्बीची एकूणच ज्वारी भाकरीला गोड आणि चिकट. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. खरिपाच्या संकरित ज्वारीचं पीठ खरबरीत, त्याला पाणी थोडं जास्त लागतं.

भाकरी तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर पाणी फिरवतात, ते उशिरा फिरवलं तर पृष्ठभागावर भेगा पडतात आणि वाफ तिथून निसटते. मग ती फुगत नाही. पाणी लगेच फिरवा आणि पूर्ण सुकायच्या आत उलटा.

केक

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मैद्याच्या पाककृतीत मैद्याऐवजी तेवढीच ज्वारी घालणं. असा केक वाळूसारखा लागतो आणि सुरी लावली की पडतो. सहा इंची भांड्याला हे प्रमाण धरा: ज्वारीचं पीठ 90 ग्रॅम, तांदळाची पिठी 40 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 20 ग्रॅम, पिठीसाखर 120 ग्रॅम, आंबट नसलेलं दही 150 ग्रॅम, तेल 70 मिली, दूध 60 मिली, झँथन गम (पीठ बांधून धरणारी पावडर) पाव चमचा, बेकिंग पावडर एक चमचा, खायचा सोडा पाव चमचा. पिठं वाटीनं मोजू नका. दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत इतका फरक पडतो की पाण्याचं सगळं गणित चुकतं.

पावडर आणि सोडा सोडून बाकी सगळं एकत्र करा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. खरबरीतपणा इथेच जातो, कारण तांदूळ आणि ज्वारीचे कण पाणी हळू पितात. सोडा आधीच घालून ठेवला तर वीस मिनिटांत त्याचा वायू निघून जातो आणि केक बसतो. 'जास्त फेटू नका' ही मैद्याची सूचना इथे लागू नाही. मैदा जास्त फेटला तर ग्लूटेन ताठरतं, इथे ते नाहीच, तेव्हा सोडा घालायच्या आधी खुशाल फेटा. मग 170 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. मध्यभाग खचला तर दोनच कारणं शोधा: ओव्हन आधी तापवला नव्हता, किंवा पाणी जास्त झालं.

ब्रेड

ब्रेडमध्ये ग्लूटेनची जागा इसबगोल घेतं. पोट साफ होण्यासाठी मिळणारी साधी भुसी घ्या, संत्र्याच्या स्वादाची साखर घातलेली नको. प्रमाण: ज्वारीचं पीठ 150, तांदळाची पिठी 100, टॅपिओका स्टार्च 100, भुसी 20, साखर 10, मीठ 7, इन्स्टंट यीस्ट 6, तेल 20 ग्रॅम, व्हिनेगर एक चमचा, पाणी सुमारे 400 मिली. भुसी आधी पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा, घट्ट लगदा होईल. मग त्यात कोरडी पिठं मिसळा. भुसी कोरडीच पिठात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि ब्रेडमध्ये डिंकासारखे पट्टे दिसतात.

400 मिली पाणी पाहून हात आखडतो. कणीक एवढं पाणी घेत नाही, पण भुसी घेते. पाणी कमी केलं तर वरून छान दिसणारी वीट तयार होते. गोळा कणकेइतका घट्ट नको, थालिपिठाच्या पिठाहून जरा सैल हवा.

फुगायला एकदाच ठेवा. मैद्यासारखं फुगवून, दाबून, पुन्हा फुगवायचं नाही, कारण निघून गेलेली हवा पुन्हा धरणारं जाळं इथे कमजोर आहे. पाककृतीतली '45 मिनिटं' साधारण 28-30 अंशांच्या खोलीसाठी असतात. मे महिन्यात स्वयंपाकघर 38 अंशांवर असतं, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांतच पाहा. घड्याळाकडे नाही, भांड्याकडे बघा: पाऊणपट वाढलं की लगेच ओव्हनमध्ये. दुप्पट होईपर्यंत थांबलात तर ओव्हनमध्ये वरचा घुमट बसतो.

200 अंशांवर 55 ते 60 मिनिटं भाजा. वरून लाल झालं म्हणून काढू नका. आतलं तापमान 96 ते 98 अंश हवं. थर्मामीटर नसेल तर भांड्यातून काढून बुडाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. आणि कापायची घाई अजिबात नको. गरम असताना स्टार्च घट्ट झालेला नसतो, सुरीला चिकट लगदा लागतो आणि 'कच्चा राहिला' असं वाटतं. दोन तास थांबा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलात तर दुसऱ्या दिवशी कडक होतो. तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा, लागतील तसे तव्यावर गरम करा.

शेंगापोळी

गव्हाशिवाय शेंगापोळी कशी करायची, हा प्रश्न संक्रांतीला येतोच. कणकेच्या पारीत सारण भरून लाटतात तसं उकडीच्या पारीचं होत नाही. उकड ताणली जात नाही, लाटताना फाटते, गूळ बाहेर येऊन तव्यावर जळतो. तेलंगणातून आलेल्या सोलापूरच्या पद्मशाली घरांत सर्वपिंडी करतात, तिथे तांदळाचं पीठ लाटतच नाहीत, तेल लावलेल्या भांड्यात हातानं थापतात. तीच रीत इथे उपयोगी पडते.

एक वाटी तांदळाची पिठी आणि अर्धी वाटी ज्वारीचं पीठ घ्या. दीड वाटी उकळत्या पाण्यात मीठ, एक चमचा तेल आणि एक चमचा भुसी घालून त्यात पीठ टाका, झाकून वाफ आणा, गरम असतानाच मळा. शेंगदाण्याचं कूट एक वाटी, गूळ पाऊण वाटी. गूळ किसूनच घ्या, खडा राहिला तर तो पारी फाडतो. तेल लावलेल्या प्लास्टिकवर दोन पातळ पुऱ्या थापा, एकीवर सारण पसरा, कडेला बोटभर जागा सोडा, दुसरी ठेवून कडा ओल्या बोटानं दाबा. सारणाचा थर पारीपेक्षा जाड नको. मंद आचेवर भाजा आणि पहिली बाजू पूर्ण सुकेपर्यंत उलथनं लावू नका.