पंप उतरवण्याआधी टाकीपासून बघा : जुनी डिझेल पिकअप सांभाळताना

पहाटे दुधाचे कॅन भरून निघायचं असतं आणि गाडी सेल्फवर नुसती फिरत राहते, पेटत नाही. जुन्या डिझेल पिकअपची ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि हिच्यापायीच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. कारण पहिलं निदान ठरलेलं असतं : डिझेलचा इंजेक्शन पंप गेला. पंप उतरतो, कॅलिब्रेशनला जातो, सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल बदलतात, आणि आठ दिवसांनी पुन्हा तीच पहाट. खरा दोष बरेचदा टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामधल्या साध्या रबरी नळीत असतो. म्हणून दोष शोधायचा तो टाकीकडून इंजिनाकडे, आणि फुकटच्या तपासण्या आधी.

हे सगळं यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे : जुनी टाटा २०७ डीआय, जुनी ४०७, महिंद्राच्या २५२३ सीसी डीआय इंजिनाच्या पिकअप आणि कॅम्पर. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या गाडीचे नोझलकडचे नट कधीही ढिले करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीतून आत शिरते. यांत्रिक पंपाच्या गाडीतही सुटलेल्या धारेपुढे बोट धरायचं नाही.

पेटत नाही : आधी सायलेन्सर बघा

एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मागे उभं राहून धूर बघावा. धूर अजिबात नसेल तर सिलेंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाही. मग सेल्फची गती, कॉम्प्रेशन, टायमिंग असे प्रश्न येतात. एवढ्यावर निम्मं काम होतं.

धूर नसेल तर स्पॅनर हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी. इंजिन बंद करायला ओढायची केबल असेल तर पंपावरचा स्टॉप लिव्हर पूर्ण परत आलाय का ते बघा. केबल गंजली की लिव्हर अर्ध्यात अडकतो आणि डिझेल बंदच राहतं. चावीने बंद होणारी गाडी असेल तर चावी फिरवताना पंपावरच्या सोलेनॉइडमधून 'टक' आवाज यायला हवा. नाही आला तर त्याची वायर काढून टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला तर सोलेनॉइड गेलाय, नाही लागला तर फ्यूज, वायर किंवा चावीचा स्विच बघा.

सेल्फ मंद फिरत असेल तर डिझेल कधीच धरणार नाही, कारण ते पेटतं ते फक्त दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडत असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग (मायनसची जोडणी) खराब आहे. इंजिन ते चॅसिसची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून बसवा. या एका पट्टीपायी कितीतरी चांगले सेल्फ उगाच खोलले जातात.

न गळणारी गळती

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीखाली असतो, तिथून पुढचा दाबाखाली. दाबाच्या भागात फट पडली की डिझेल बाहेर येतं, डाग पडतो, वास येतो. ओढीच्या भागात फट पडली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी बाहेरून कोरडी दिसते, म्हणून तिच्यावर संशय घेतला जात नाही. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं, सकाळी लांब सेल्फ मारावा लागतो, एकदा पेटली की दिवसभर गाडी ठीक. हे लक्षण दिसलं की पंपाला हात लावू नका.

खात्री करायला फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक डिझेल नळी तात्पुरती जोडा. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसले तर हवा येतेय. ती कुठून, हे पाच लिटरच्या कॅनने कळतं. कॅनमध्ये स्वच्छ डिझेल भरून तो फीड पंपापेक्षा उंच ठेवा, फीड पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला नवी नळी लावून तिचं दुसरं टोक कॅनमध्ये सोडा. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या नळीत, तिच्या जोडात किंवा टाकीतल्या सक्शन पाइपला पडलेल्या भोकात. थांबले नाहीत तर फीड पंप, फिल्टरचं सील किंवा बँजो बोल्टचे (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) वॉशर. वॉशर एकदा दाबला की चपटा होतो, तोच परत वापरला की हवा धरते. नळी बदलताना डिझेलसाठीचीच घ्या. पाण्याची नळी काही महिन्यांत फुगून मऊ होते. क्लिप बेताने आवळा, जास्त आवळली की रबर कापते.

मग हवा काढायची :

१. टाकीत किमान पाव डिझेल असू द्या, गाडी सपाटीवर उभी करा.
२. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी.
३. हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग डिझेल. प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. फीड पंपाच्या लिव्हरला दाबच लागत नसेल तर कॅमचा उंचवटा अडतोय. इंजिन थोडं फिरवून पुन्हा मारा.
४. पंपावरच्या एअर स्क्रूचंही तसंच.
५. तरीही पेटली नाही तर दोन नोझलकडचे पाइपचे नट एक आटा ढिले करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. डिझेल उसळलं की नट आवळा. आवळताना नोझलहोल्डर दुसऱ्या स्पॅनरने धरा, नाहीतर पाइप पिळतो.

सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा.

याचाच भाऊबंद असलेला एक दोष : गाडी वीस-पंचवीस किलोमीटर नीट चालते, मग दम खाते, थांबते, पाच मिनिटांनी पुन्हा चालू. थांबली की टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली तर झाकणाचं वायुछिद्र चिखलाने बुजलंय. टाकीत पोकळी होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. छिद्र साफ केलं की काम संपलं.

पाणी आणि भेसळ

यांत्रिक पंप दोन प्रकारचे, इनलाइन आणि रोटरी. इनलाइन पंपाचा खालचा भाग इंजिन ऑइलवर चालतो. रोटरी पंपाला मात्र डिझेल हेच एकमेव वंगण. म्हणून पाणी किंवा रॉकेल मिसळलेलं डिझेल रोटरीला आधी मारतं : हेड आणि रोटर घासले जातात, गरम झाल्यावर गाडी पेटत नाही, थंड झाली की पेटते. गरम इंजिनावर पेटत नसलेल्या गाडीच्या पंपावर गार पाण्याचं ओलं फडकं टाकल्यावर ती पेटली, तर मात्र पंपाचं काम खरंच आहे.

पावसाळ्यात दर आठवड्याला फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून पेलाभर डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी तळाला बसतं, रेषा स्वच्छ दिसते. मृगाच्या आधी वर्षातून एकदा टाकीचा तळाचा बोल्ट काढून गाळ सोडा. रात्री गाडी लावताना टाकी शक्यतो भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीतली दमट हवा थंड होऊन तिचंच पाणी होतं.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, त्यात गंधक १० पीपीएमपेक्षा जास्त नसतं. जुन्या पंपाचे कडक झालेले सील अशा डिझेलवर आकसून बाहेरून झिरपू लागतात. त्यासाठी सील किट पुरतं, पूर्ण पंप बदलायची गरज नाही. वंगणासाठी टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचीही गरज नाही. वंगणक्षमता इंधनाच्या मानकातच ठरवलेली आहे.

धूर काय सांगतो

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर काढून झटका, मातकट असेल तर बदला. टर्बोची गाडी असेल तर टर्बोपासून इनटेकपर्यंतचा रबरी होज दोन्ही टोकांना चाचपा. फाटलेल्या होजभोवती तेलकट काजळी दिसते. हे दोन्ही ठीक असतील तरच नोझल टेस्टिंगला द्या. कोणता नोझल, हे शोधायला आयडलवर एकेका नोझलचा नट क्षणभर ढिला करा. ज्याने इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही तो सिलेंडर आधीच काम करत नाही. ज्याने ठोका थांबतो, त्याचा नोझल धार सोडतोय.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. घाट उतरून ॲक्सिलरेटर दिल्यावर एकदम निळा लोट आला तर व्हॉल्व गाइड किंवा सील. भार घेताना सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंगा. ऑइल भरायचं झाकण आयडलवर उघडून बघा. थोडी वाफ चालते; झाकण उडवेल इतका मारा आणि ऑइलचे शिंतोडे येत असतील तर रिंगा, लायनर संपलेत. मात्र आधी ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी साफ करून पुन्हा बघा, नंतरच कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लॉक द्यायचा विचार करा. पीयूसीला बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ एचएसयूची (धुराच्या दाटपणाचं माप) मर्यादा आहे. एअर फिल्टर आणि नोझल नीट असले की सुस्थितीतलं जुनं इंजिनही त्यात बसतं.

गळीत हंगाम आणि रेडिएटर

ऊसपट्ट्यात गाडी गरम होण्याचं मोठं कारण पाचट आणि धुरळा. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण जाळीच्या पडद्यांमध्ये चोथा बसलेला असतो. इंजिन गार झाल्यावर पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या नळाच्या दाबाने पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पत्रे वाकतात. बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा.

बोअरचं पाणी रेडिएटरला घालू नका, क्षारांचा थर बसतो. कूलंट वापरा. इथे पाणी गोठत नाही, पण गंज थांबवायला ते लागतंच. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे : इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त खातं, लायनर लवकर झिजतात. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट गेलंय. गरम असताना झाकण उघडायचं नाही.

घाट

करूळ, फोंडा, आंबा, आंबोली : कोकणात माल उतरवणाऱ्या गाडीचा जीव ब्रेकवर आहे, इथे काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, ओलावा शोषल्यावर १४० अंशांपर्यंत उतरतो. लांब उतारावर ड्रम तापले की ऑइलची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला, मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढा.

डिझेल इंजिनात ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरची पोकळी व्हॅक्यूम पंप तयार करतो. तो बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे असतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा होज, नॉन-रिटर्न व्हॉल्व आणि पंप, या क्रमाने बघा. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट उतरणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक आणि बूस्टर दोन्ही सोडून देणं. जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरा.

ऑइल, ग्रीस आणि पूर

इंजिनाला १५डब्ल्यू-४० डिझेल ग्रेडचं ऑइल, डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर नाही. थांबत-थांबत भारी माल वाहणाऱ्या गाडीचं ऑइल कंपनीच्या पुस्तकातल्या अंतराच्या आधीच बदलावं, फिल्टरसकट. मागच्या ॲक्सलच्या हौसिंगला ईपी-९० गिअर ऑइल चालतं. गिअरबॉक्सला मात्र पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ घालू नका, काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. किंगपिन, शॅकल आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना दर दोन हजार किलोमीटरला ग्रीस मारा, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. पाटे बदलल्यावर यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

२०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. गाडी पुरात बुडाली असेल तर सेल्फ मारू नका. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, एअर फिल्टर आणि इनटेक उघडून बघा, नोझल काढून इंजिन हाताने फिरवा. इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग तिन्हींचं ऑइल बघा. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरलंय, सगळं बदला. इंजिनात पाणी शिरलं नसलं तरी तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की ब्रीदरमधून पाणी आत ओढतं, म्हणून ते तपासल्याशिवाय गाडी कामाला लावू नका.

सीटखाली एवढं असू द्या : एक डिझेल फिल्टर, हातभर डिझेल नळी आणि चार क्लिपा, बँजो बोल्टचे नवे वॉशर, फॅन बेल्ट, टेस्ट लॅम्प, फ्यूज, आणि नोझलच्या नटाला बसणारे दोन स्पॅनर.