संस्थेचे धोरण कसे ठरवावे : मसुद्यापासून ठरावापर्यंत

गावोगावच्या वाचनालयांच्या, मंडळांच्या आणि शेतकरी गटांच्या इतिवृत्तांत ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द इतक्या सहज येतात की, त्या विषयावर चर्चा झाली होती का, हे वर्षभरानंतर कोणालाही सांगता येत नाही. याचे मुख्य कारण म्हणजे मसुदा आणि मंजुरी एकाच बैठकीत उरकली जाते. या दोहोंत अंतर ठेवले, तर निम्मे वाद सभेपूर्वीच मिटतात.

सर्वप्रथम संस्थेची घटना काढून वाचावी. गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान उपस्थिती) किती, सूचना किती दिवस आधी द्यायची आणि धोरण ठरवण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाला आहे की सर्वसाधारण सभेला, हे त्यात पाहावे. घटनेतील बदल आणि रोजच्या कामाचे धोरण यांत गल्लत करू नये. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली नोंदलेल्या संस्थेला उद्दिष्टे बदलायची असतील, तर कलम 12 नुसार विशेष सभेत तीन पंचमांश मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तेवढ्याच मतांनी त्यावर शिक्कामोर्तब करावे लागते. शेतकरी गटाने यंत्राचे भाडे किती घ्यावे यासाठी एवढा खटाटोप लागत नाही, मात्र त्याच कायद्यातली अंतर ठेवण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे.

त्यानंतर नेमकी अडचण एका वाक्यात लिहावी. उदाहरणार्थ, गटाच्या अवजार बँकेत, म्हणजे भाड्याने द्यायच्या सामाईक अवजारांत, एकच पेरणीयंत्र आहे आणि पावसानंतर वाफसा (पेरणीयोग्य ओल) आला की सोयाबीन पेरणाऱ्या सगळ्यांना ते त्याच दोन-चार दिवसांत हवे असते. ‘यंत्रवाटपात पारदर्शकता असावी’ असे लिहिल्याने काहीच ठरत नाही. पाळी चिठ्ठीने लावायची की नोंदणीच्या क्रमाने, अल्पभूधारकाला आधी द्यायचे का, आणि यंत्र मोडले तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, एवढे प्रश्न मात्र सुटले पाहिजेत.

मसुदा तीन-चार जणांनी तयार करावा. त्यांत यंत्र भाड्याने नेणारा एक सभासद आणि हिशेब ठेवणारी व्यक्ती असावी. सगळे पदाधिकारीच बसले, तर मसुदा त्यांच्या सोयीचा होतो.

पुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. मसुदा किमान पंधरा दिवस चावडीवर लावावा, व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि ज्यांना वाचणे कठीण जाते त्यांच्यासाठी एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. बीड किंवा धाराशिवकडच्या गावांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते : दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गाव सोडतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावरच परततात. या काळात घेतलेल्या सभेत गणपूर्ती होईलही, पण सभासदांपैकी बराच मोठा वर्ग तिथे नसेल. म्हणून अवजारांचा विषय टोळ्या परतल्यानंतर आणि मृगाच्या आधी घ्यावा. महिलांचे म्हणणेही सभेआधी स्वतंत्रपणे ऐकावे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहेच, ती संस्थांनीही पाळायला हरकत नाही. आलेली प्रत्येक हरकत वहीत नोंदवून तिच्यापुढे काय बदल केला, किंवा का केला नाही, हे लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु सभेत तोच मुद्दा पुन्हा निघाल्यावर ही वहीच कामी येते.

सभेच्या विषयपत्रिकेत धोरणाचा विषय स्वतंत्रपणे छापावा. अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत तो कधीही घेऊ नये. प्रत्येक कलमावर वेगळे मत घ्यावे. ज्याचा भाड्याच्या यंत्राचा स्वतःचा धंदा आहे, अशा सभासदाने भाड्याच्या दरावर मत देऊ नये. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांबरोबर बाजूची व विरोधातली मते आकड्यांत लिहावीत. एकमत नसताना एकमत लिहिणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

ठरावातच धोरण कोणत्या तारखेपासून लागू होईल, आधीचा कोणता नियम रद्द होईल आणि फेरविचार कधी होईल, हे नमूद करावे. पेरणीयंत्राच्या बाबतीत फेरविचारासाठी खरिपाची पेरणी संपल्यानंतरचा महिना योग्य, कारण तक्रारी तेव्हा ताज्या असतात; त्या बैठकीत हरकतींची वही आणि भाड्याची पावतीपुस्तके, दोन्ही समोर ठेवावीत.